बिनमायन्याचं पत्र

वाशीम, ता. ४ मार्च १९४८

वासंतीताई,

माथ्यावर ‘श्री’ नाही, तुझ्या नावाआधी ‘सौ.’ नाही, म्हणून रागावू नकोस. बाईला नुसत्या तिच्या नावाने लिहायचं, असं मी ठरवलं आहे. तुझ्या मते बी. ए. म्हणजे ‘बिन अकलेची’, तसं समज.

तुझे उद्धवराव इथे हद्दीवरच्या सत्याग्रहींच्या छावणीत सुखरूप आहेत. त्यांना निजामाच्या पोलिसांची गोळी लागल्याची आवई खोटी. हिवतापाने अशक्त झालेत, ताकद आली की येतील. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र थावरा गाडीवानाच्या हाती देते. तुझ्या मामंजींना, बंडोपंतांना, नमस्कार.

माया आहेच, ती वाढू दे.
पद्मजा

नरसी, ता. २ एप्रिल १९४८

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामंजींनी ओसरीवर उघडलं. ‘श्री’ नाही, ‘सौ.’ नाही, एवढं पाहताच ‘माणूस गेल्याचं पत्र’ म्हणाले, पुढे न वाचता फाडलं आणि सगळ्यांना आंघोळीला बसवलं. अशुभाचं पत्र घरात ठेवत नाहीत, तुला ठाऊकच आहे. मला एक ओळही दिसली नाही. तेरावं झालं. न्हावी येऊन गेला. शेजारच्या सोवळ्या पार्वतीबाई म्हणाल्या, पोरी, पहिल्यांदाच तकलीफ होते.

आता मला गं. भा. लिहीत जा. तू त्याचा अर्थ गंगा-भागीरथी सांगायचीस. इथे त्याचा अर्थ एक वेळ जेवण, आणि कुणी बाहेर निघालं की दाराआड होणं.

एवढंच कळव, शेवटी तू जवळ होतीस का? त्यांनी माझी आठवण काढली का?

तुझी ताई

वाशीम, ता. १० एप्रिल १९४८

ताई,

ते जिवंत आहेत. त्या पत्रात तेच लिहिलं होतं. माझ्या हट्टाने तुझं काय करून बसले मी.

ते आज निघताहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देते. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, केस काय, वाढतील. तेवढ्यावर मी धीर धरला आहे.

क्षमा मागायचंही तोंड नसलेली
पद्मजा

नरसी, ता. ३ मे १९४८

चि. पद्मजास आशीर्वाद.

ते आले. तू सांगितलेलं असूनही मला पाहताच त्यांचं पाऊल मागे गेलं.

मामंजींनी शास्त्र काढलं. क्रियाकर्म झालेला माणूस परत आला, तर त्याचा नव्याने जन्म करतात. तुपाने न्हाऊ घातलं, बारसं केलं, मुंज केली. ग्यानबा पाटील पारावर म्हणाला, पंतांचं लेकरू मिशीसकट जन्मून राहिलं. गाव हसलं, मीही हसले.

नव्या माणसाला लग्नही नवं लागतं. मी म्हणाले, मग मलाच परत बोहल्यावर उभी करा. मामंजी म्हणाले, केस उतरलेली बाई बोहल्यावर चालत नाही, आणि तिच्या नव्या जन्माचा विधी पोथीत नाही. सेनगावची मुलगी पाहून आलेत. यांना विचारलं, तर म्हणाले, वडिलांपुढे मी काय बोलू.

मला न्यायला ये. पंधरवड्यात इथेच अंगणात मांडव घालून लग्न आहे, त्याच्या आधी ये. नाहीतर त्या दिवशी मला मागच्या खोलीत कोंडतील, आणि भिंतीपलीकडून मंगलाष्टकं ऐकू येतील.

तुझी वाट पाहणारी
वासंती