अर्ध्या वाक्यापासून पुढे

प्रिय बडबडे,

मी शिंपी माणूस. छाती-कंबरेच्या मापांपलीकडे आयुष्यात फारसं काही लिहिलं नाही, तेव्हा हसू नकोस. तुझी आई म्हणाली, काहीतरी गोड लिहा. पण खोटं मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी घाबरलोय.

तू बोलायला लागलीस ती 'बाबा' म्हणूनच. आई त्यावरून अजून फुरंगटते. त्यानंतर तुझ्या तोंडाचा पट्टा थांबायचा तो फक्त झटका येताना. वाक्याच्या मध्येच गप्प व्हायचीस, नजर एका बाजूला वळायची, उजवा हात उडायला लागायचा. मी मशीनच्या पायट्यावरून पाय उचलायचो, आई उशी घेऊन धावायची. भानावर आलीस की तुझं अर्धं वाक्य आम्ही तुला परत द्यायचो आणि तू तिथूनच पुढे सुरू! परवा तू नुसती विचार करायला थांबलीस, तर आईनं उशी आणलीसुद्धा. तू चिडलीस, मग आपण तिघंही हसलो. पण मशीन मी पुन्हा सुरू केली ती बऱ्याच वेळानं.

औषधं किती बदलली. नवी गोळी थोडे दिवस लागू पडायची, मग पुन्हा झटके सुरू. शेवटी नव्या तपासणीत मेंदूतली ती चिमुकली जागा दिसली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की आईच्या पोटात बाळाचा मेंदू घडतो तेव्हा पेशी सरकत सरकत आपापल्या जागी जातात. तुझ्या काही पेशी नीट घडल्या नाहीत, भलतीकडेच बसल्या, आणि झटका तिथूनच उठतो. गोळ्यांना ती जागा दाद देत नाही. मला ते पटलं. कापड कापतानाच तिरकं गेलं, तर वरून कितीही इस्त्री करा, झोळ पडतोच. आई मात्र तेव्हापासून गरोदरपणातला एकेक दिवस उसवत बसली आहे: काय खाल्लं, काय उचललं, कुठे चुकलं. कुणाचंच चुकलेलं नाही, असं बाईंनी तिचा हात धरून सांगितलं. तूही सांग, तुझंच ऐकेल ती.

ती जागा काढता येते. पण ती नेमकी तुझ्या बोलण्याच्या जागेला खेटून आहे. झटके जातील, पण त्यांच्याबरोबर तुझी बडबडही गेली तर? तू हसत हसत संमतीची सही केलीस. मी जिन्यात जाऊन रडलो.

बाई म्हणाल्या, शस्त्रक्रियेत तिला मध्ये जागं करू आणि मोठ्यानं वाचायला लावू. तिनं आधी न वाचलेलं, घरच्या भाषेतलं काही लिहून द्या. ते हे पत्र. तू हे वाचते आहेस तेव्हा बाई एकेका जागेला विजेचा अगदी हलका स्पर्श करून बघताहेत. जिथे तुझा शब्द अडेल, ती जागा त्या सोडून देतील. म्हणून अडखळलीस तर घाबरू नकोस पोरी, तिथूनच पुढे वाच. आम्ही दोघं बाहेर बाकावर आहोत. आईनं उशी आणली आहे. आता दोनच शब्द उरलेत, ते जरा मोठ्यानं म्हण.

तुझाच,
बाबा