गडग्यापलीकडचं पाणी

अप्पा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मला तुमच्याशी भांडायचं नाही, फक्त एक विचारायचं आहे. मी घर बांधलं. जांभ्या चिऱ्याचं, उतारावर, मागची बाजू डोंगरात खोदून. चार दिवस पाऊस थांबलेला नाही. वरच्या सड्यावरून, त्या उघड्या कातळमाळावरून येणारं सगळं पाणी माझ्या जोत्याशी उभं राहतंय. मी तासातासाला छत्री घेऊन मागे जाते, भिंतीचा चिरा हाताने चाचपते, परत येते. बसवत नाही.

तुम्ही गवंडी. पण भर पावसात जागा पाहिल्याशिवाय तुम्ही जोत्याची दोरी कधी ताणली नाहीत. मी बारा वर्षांची असेन. लांज्याजवळ एका व्यापाऱ्याचं घर व्हायचंय, तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन त्या उघड्या जागेत उभे आहात आणि मला सांगताय, "जा, पाण्यामागनं चालत जा. कुठे जातं ते बघून ये." मी गेले, कुंपणाच्या गडग्यापर्यंत. दगडांच्या फटींतून पाणी पलीकडे जात होतं, पण गडगा उंच होता आणि परकर चिंब भिजला होता. परत येऊन सांगितलं, "पुढे काही नाही." तुम्ही स्वतः गेलात, आणि आलात ते चिडूनच. "पुढे एका बाईची चूल आहे. पाणी गडग्याशी थांबलं काय? मग तू गो कशाला थांबलीस?" घर थोडं फिरवून बांधा, असं तुम्ही व्यापाऱ्याला सांगितलंत, तो ऐकेना, तुम्ही काम सोडून आलात. मला तो हट्ट वाटला. पुढे कॉलेजात गेल्यावर तर त्या इरल्याची लाज वाटायची. उतार काढायला नकाशे असतात, असं मी तुम्हाला सुनावलंही. जेवता जेवता मान वर न करता तुम्ही म्हणालात, "नकाशा भिजत नाय."

माझ्याकडे नकाशा आहे, सही-शिक्क्याचा. दिवाळीनंतर जागा घेतली आणि मेअखेर घर उभं केलं, तुमच्याच हाताखाली तयार झालेल्या गवंड्याकडून. परवा मागची भिंत आतून घामेजली तेव्हा मीच त्याला म्हटलं, खालच्या कोपऱ्यात आवाराचा गडगा फोड. त्याने फोडला. पाणी सुसाट निघालं, मला हायसं वाटलं. अर्ध्या तासात खालची शेजारीण दारात. नवरा आखातात, घरात ती आणि म्हातारी सासू, गॅसचा नंबर अजून लागलेला नाही. ओला पदर पिळत म्हणाली, "बाई, चूल विझली माझी. पाणी सोडायचंच होतं तर हाक मारून सोडायचं. पीठ तरी उचललं असतं." ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. तीस वर्षं शाळेत तेच केलंय. पण ती वळून गेली.

गडग्याचं भोक त्याच दिवशी बुजवून घेतलं. आता पाण्याला एकच वाट उरली आहे. घरामागून चर खणायचा, कडेने वळवायचा आणि पुढचं अंगण फोडून रस्त्याच्या गटारात सोडायचा. अंगणात खाली कातळ, वर नवी फरशी. गवंडी म्हणाला, "बाई, फरशी बसून पंधरा दिवस नाय झाले. लोक हसतील."

"हसू देत. उद्या पहार घेऊन ये."

आता तुम्हाला विचारते. चराला दहा हातांमागे किती बोटं उतार द्यायचात तुम्ही? तो चार म्हणतो, मला सहा आठवतात. कमी पडला तर पाणी परत जोत्याशी. तुम्ही दहादा सांगितलं असेल आणि मी दहादा दुसरीकडे बघत होते. उद्या मीच पाण्यामागून चालणार आहे, रस्त्यापर्यंत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहवतंय. दोरी ताणायच्या आदल्या दिवशी तो गवंडी अंग चोरून म्हणाला होता, "बाई, एक पावसाळा जागा नुसती बघूया. अप्पा बघायचे." मी म्हटलं, "मी कोणाची मुलगी आहे, ठाऊक आहे ना? मला पाणी कळतं." तुमचं नाव पुढे केल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी दोरी ताणली. आणि त्या गडग्यामागून रोज सकाळी चुलीचा धूर वर येताना मी चैत्रापासून पाहत होते, अप्पा. पुढे काही नाही, असं या वेळी मी स्वतःलाच सांगितलं.