रुमालाखालचा सौदा

मंगळवार, ६ जानेवारी

नायगावच्या बाजारातून हात हलवत परत! डोकं नुसतं तापलंय.

सतरा जुने ट्रॅक्टर उभे होते. सगळे बघितले. मला पाहिजे तो माझी फिरती डाळमिल ओढायला — मिल, जनरेटर आणि ट्रॉली मिळून साडेतीन टन वजन. गावोगाव न्यायची, लोकांची तूर त्यांच्या दारात भरडून द्यायची. मिल माझी. ट्रॅक्टरही माझ्याच नावावर होणार. पण विकणारा एक माणूस माझ्याशी बोलला न्हाई! मी विचारलं, किती तास चाललाय? त्यानं उत्तर दिलं ह्यांच्याकडं बघून. मी विचारलं, ब्रेक तेलातले हायेत का? परत ह्यांच्याकडं बघून. मग मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले, तर तो बाबा मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून बोलायला लागला. एकानं तेवढं मला विचारलं — ताई, रंग कोणता पाहिजे? रंग! साडीच्या दुकानात आलेय जणू.

आणि आमचे हे! हाताची घडी घालून गप उभे. "तिलाच विचारा, मिल तिची हाय," एवढं म्हणायला काय तोंड दुखत होतं?

निजामोद्दीनभाई संगं होते म्हणून वाचले. कंधारला बसस्टँडमागं त्यांचं गॅरेज हाय, तीस वर्षं ट्रॅक्टरच दुरुस्त करून राहिलेत. एक त्यातल्या त्यात बरा वाटला तर त्यांनी नुसता बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, वहिनी, हात लावा. गरम! म्हणजे आम्ही यायच्या आधीच सुरू करून तापवून ठेवलेला. थंड इंजिन सुरू होत नसणार. पकडल्यावर मालक हसला. लाज न्हाई लोकांना.

बुधवार, ७ जानेवारी

सिंधु आली होती. मिलवर आम्ही दोघीच. ती तूर ओतते, मी चाळणीवर. खांदा अजून पुरता वर जात न्हाई तिचा. म्हणाली, ताई, ट्रॅक्टर कोणता का घ्या, पण मी ट्रॉलीवर बसणार ते ब्रेक बघूनच.

बरोबर हाय तिचं. गेल्या मार्चात कंधारच्या अलीकडच्या उतारावर आमचा जुना ट्रॅक्टर थांबलाच न्हाई. हे चालवत होते. ट्रॉली रेटत रेटत आली, आडवी झाली, मिल नाल्यात आणि सिंधु मिलखाली जाता जाता वाचली. खांद्याचं हाड मोडलं. हे म्हणाले, ब्रेक लागलाच न्हाई. त्या ट्रॅक्टरला मी काय काय बोलले असेन! उमरीच्या एका वीटभट्टीवाल्याला मातीमोल देऊन टाकला. निजामोद्दीनभाईंनी खोलून बघितला तेव्हा म्हणत होते, ब्रेकमध्ये काही खराबी दिसत न्हाई. त्यांच्यावरपण खेकसले होते मी. खराबी न्हाई तर सिंधुचा खांदा काय हवेनं मोडला?

तर आता एकच ठरवलंय. महाग पडला तरी चालेल, पण उतारावर साडेतीन टन धरून ठेवणारा, तेलातल्या ब्रेकचा ट्रॅक्टर पाहिजे. परत कुणाचं हाड मोडायचं न्हाई.

शनिवार, १० जानेवारी

लातूर. श्रीशैल नावाच्या माणसाचा मोठा गाळा, बाहेर झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर. गोड बोलणारा. चहा आणला, बिस्किटं आणली. म्हणे, हा ट्रॅक्टर एका मास्तरचा, नुसता पेरणीला वापरलेला, ट्रॉली कधी लावलीच न्हाई. नवा रंग, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं न्हाई.

निजामोद्दीनभाई मागं गेले आणि ट्रॉली जोडायच्या हुकात बोट घातलं. भोक गोल नव्हतं, घासून घासून लांबट झालेलं. म्हणाले, मास्तर ऊस शिकवत होते वाटतं. दोन दोन ट्रॉल्या उसाच्या ओढल्यात ह्यानं, तेही आठ-दहा हंगाम.

मी श्रीशैलला तिथंच झाडला. तुमच्या मास्तरचं गाव सांगा, मी जाऊन विचारते, म्हटलं. तर तो हसत हसत ह्यांना म्हणतो, "दादा, घरात पण असंच असतं का?" आणि हे हसले! उगं ओठाच्या कडेला का होईना, हसले! येताना जीपमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले. शेंगा घेतल्या होत्या खायला, त्या सगळ्या ह्यांच्या हातातून पायाशी सांडल्या. मी उचलल्या न्हाईत.

रविवार, ११ जानेवारी

पाच किलो मिरची कांडली. राग तेवढाच कमी झाला.

मंगळवार, १३ जानेवारी

सापडला! आणि घालवला!

परत नायगावचा बाजार. पन्नास हॉर्सपॉवर, ब्रेक तेलातले, भोक गोल, बॉनेट गार, तरी एका दमात सुरू. निजामोद्दीनभाईंनी विटांनी भरलेली ट्रॉली लावून चढावर थांबवून बघितला. जागचा हलला न्हाई. मला वर बसवलं, मी पण चालवला. माझा जीव बसला त्याच्यावर.

मग आला सौदा. तिथला दलाल किशनराव. आधी बैलांचा दलाल होता, आता बैल उरले न्हाईत म्हणून ट्रॅक्टरचा. पण रीत तीच जुनी — भाव तोंडानं बोलायचा न्हाई. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि खालून एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. आधी लाखाचा, मग हजाराचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत न्हाई. ह्यांचे वडील ह्याच कामात नावाजलेले. परक्या माणसाच्या हातात बाईचा हात कसा द्यायचा, म्हणून मी आपली बाजूला. माझा ट्रॅक्टर, माझी मिल, आणि भाव चाललाय माझ्यासमोर फडक्याखाली!

ह्यांनी हात घातला. बराच वेळ. किशनराव थांबून थांबून ह्यांच्या तोंडाकडं बघायचा. मग ह्यांनी एकदम हात काढून घेतला. "न्हाई जमत," म्हणाले आणि चालायला लागले. मी मागं पळाले. किती म्हणाला तो? सांगा की! तर म्हणे, लई सांगतोय. लई म्हणजे किती? चालतच राहिले. अर्ध्या तासात तो ट्रॅक्टर एका कंधारच्याच माणसानं नेला. माझ्या डोळ्यांदेखत नेला!

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला ह्यांना. गोड बोलायचं मात्र जमलं न्हाई.

मला वाटून राहिलंय की ह्यांना मिल बंदच करायची हाय. अपघातापासून स्वतः ट्रॅक्टरला शिवले न्हाईत. मी म्हटलं, मी चालवते उतारावर, तर त्यालाही नको. तोंडावर सांगायची हिंमत न्हाई म्हणून काल सौदा मोडला. बायको चार पैसे कमावते, गावोगाव लोक तिच्या नावानं फोन करतात, ते खुपत असेल. खुपू दे. पण तसं सांगा तरी! बावीस वर्षं झाली संसाराला, एवढं खरं बोलायला काय अडचण हाय?

शुक्रवार, १६ जानेवारी

उमरीकडच्या दोन गावांहून फोन. तूर निघाली, मिल कधी येते? पुढच्या आठवड्यात म्हटलं. कशावर नेणार, डोक्यावर?

मंगळवार, २० जानेवारी

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

तसाच एक ट्रॅक्टर परत मिळाला. निजामोद्दीनभाई म्हणाले, सव्वाचार लाखाच्या वर एक रुपया देऊ नका. मी ह्यांना घरून निघताना बजावलं, बाजारात बजावलं, रुमाल टाकायच्या आधी परत बजावलं. सव्वाचार! ह्यांनी मान हलवली. हात रुमालाखाली गेला. ह्या वेळी पटकन झालं. किशनरावनं रुमाल काढला, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं सांगितलं, ठरलं, पाच लाख दहा.

पाच लाख दहा!

मी ओरडले. हो, भर बाजारात ओरडले. एवढे पैसे कुणाच्या बापानं ठेवलेत? ह्यांचं तोंड पांढरं पडलं. किशनराव मला बघायलाच तयार न्हाई. ह्यांना म्हणाला, "दयानंद, हात दिलाय तुम्ही. तुमच्या वडलांनी चाळीस वर्षं ह्या रुमालाखाली बैल घेतले. एकदाबी दिलेला हात मागं घेतला न्हाई."

हे खाली बघत म्हणाले, "माझं चुकलं." बस. एवढंच. किशनरावनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि निघून गेला. लोक बघत होते.

सव्वाचारचे पाच-दहा कसे होतात? शाळेतलं पोर पण असं चुकत न्हाई. मला एकच दिसतंय — किशनरावशी मिळालेत हे. वरचे पैसे अर्धे अर्धे. असा विचार नवऱ्याबद्दल करायची वेळ यावी! लिहिलं तेव्हा कळलं किती घाण वाटतं ते. पण खोडणार न्हाई.

बुधवार, २१ जानेवारी

बोलणं बंद. ताट वाढून मी बाहेर जाऊन बसते.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज मीच मौन मोडलं. म्हटलं, मला शिकवा. पुढच्या मंगळवारी रुमालाखाली मी हात घालणार. जग काय म्हणायचं ते म्हणू दे. हे म्हणाले, काही शिकायचं न्हाई, सोड. मी सोडते होय! ह्यांचाच टॉवेल घेतला, ह्यांच्या हातावर टाकला आणि स्वयंपाकघरातच समोर बसले. खालून तीन बोटं धरली. किती?

हे हाताकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघायला लागले. "चार," म्हणाले.

मला वाटलं मुद्दाम करतात. मग एकच बोट धरलं, घट्ट. किती? परत माझ्या तोंडाकडं. "दोन?"

मी हळूच माझा हात काढून घेतला. टॉवेलाखाली आता ह्यांचा एकटाच हात. विचारलं, आता किती?

"तीन," म्हणाले.

मी टॉवेल उचलला. ह्यांनी बघितलं आणि मग डोळे मिटून घेतले.

दोन वर्षं झाली म्हणे. आधी मुंग्या यायच्या, मग बोटांतलं कळायचंच गेलं. शुगरच्या गोळ्या तर कधीच्याच सोडलेल्या. मला सांगायचे, घेतो घेतो. पहिल्यांदा सौदा मोडला तो आकडाच कळला न्हाई म्हणून. दुसऱ्यांदा लोकांसमोर परत मोडायची लाज वाटली म्हणून अंदाजानं मान हलवली.

मी भांडले. रडत रडत भांडले. मला सांगायला काय झालं होतं? मी परकी हाय का? चोर समजले मी तुम्हाला! तर म्हणाले, "वडलांचा हात सगळ्या बाजारात नावाजलेला. माझ्या हाताला काही कळत न्हाई, हे कसं सांगू?"

हाताचा कसला मान! डोकं फुटायची वेळ आली तरी ह्या पुरुषांचा मान सुटत न्हाई. उद्या नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं नेणार. ओढत न्यावं लागलं तरी नेणार.

शनिवार, २४ जानेवारी

डॉक्टरांनी हात बघायच्या आधी ह्यांना चपला काढायला सांगितल्या. डोळे मिटायला लावले आणि तळव्याला सुई टोचली. कळलं का, विचारलं. हे म्हणाले, टोचा की.

बाहेर आल्यावर बाकावर बसले. मग आपणहून बोलले.

"जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक चांगले होते, उज्वला. उतारावर माझा पाय ब्रेकवर हाय, असं मला नुसतं वाटत होतं."