सौना रस्त्याकडे

रान्तासाल्मी, ९ ऑगस्ट १९८१

ति. आउने आत्यास इर्याचा सा. न. वि. वि.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. काल घराच्या पायाचे ब्लॉक आले ना. कालेर्वो म्हणाला, झोप आता, ते काय पळून जाणारेत? पण मी खिडकीतच. आमच्या घराचे ब्लॉक, आत्या. भीतीपण वाटते. जमीन गोठायच्या आत पाया झाला नाही तर अजून एक हिवाळा या जुन्या झोपडीत. आमच्या सातूचा मागच्या हिवाळ्यातला खोकला तू ऐकलायस. दीड वर्षाचं पोर, पुन्हा नाही सोसायचं तिला.

कालेर्वोने जन्मात ब्लॉक लावलेला नाही. माझा भाऊ एन्सिओ गवंडी, पण त्याचं नाव काढलं की हा नवरा फुगतो. आमच्या लग्नात एन्सिओ सगळ्यांदेखत म्हणालेला ना, याला टेबलावर चमचे सरळ मांडता येत नाहीत. ते अजून गिळलेलं नाही. शनिवारी इर्जिक आहे, शेजारी ब्लॉक लावायला हातभार द्यायला येतील. मी वाटाण्याचं सूप करणार.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी इर्या

कुओपिओ, १३ ऑगस्ट

चि. इर्यास अनेक आशीर्वाद.

मोतीबिंदूने माझे डोळे नावालाच उरलेत. जो दारात येईल त्याच्याकडून पत्र वाचून घेते. आज शेजारची रौहा आहे, लिहितेयही तीच. ती म्हणते, लोभ राहू दे, सूप पातळ करू नको म्हणावं.

कोपऱ्यातल्या पहिल्या ब्लॉकखाली शकुनाचं नाणं ठेव. आणि सौना तळ्याकडेच आहे ना? त्या वाफेच्या खोलीतून वाफाळत बाहेर येऊन बसायचं ते पाण्याकडे तोंड करून. तुझे आजोबा म्हणायचे, चूल कुठेही चालेल, सौना चुकला की घर चुकलं.

एन्सिओ आता वार्कौसला कामावर आहे, त्याच्या घरमालकिणीचा फोन नंबर फक्त माझ्याकडे आहे. नवऱ्याला सांग, फुगलेला माणूस आणि फुगलेली कणीक, दोघांना एक बुक्की पुरते.

सातूचा पापा. माया आहेच, ती वाढवत राहा.

आत्या

रान्तासाल्मी, १७ ऑगस्ट

ति. आत्यास सा. न.

पाया उभा राहिला. चार थर झाले. शेजारचा म्हातारा नीलो पातळी बघायची पाणसळ घेऊन सगळीकडे फिरला, बुडबुडा मधोमध. म्हणाला, कालेर्वो, कागदाच्या गिरणीत उगाच जन्म घालवलास. हा लाल झाला आणि तीन वाडगे सूप प्यायला. ब्लॉक देऊन देऊन माझ्या हातांची सालं निघाली, पण इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. नाणं मी आधीच ठेवलेलं.

आणि आज तुझं पत्र आलं. सौना तळ्याकडेच ना, एवढं वाचलं आणि नकाशा घेऊन बाहेर गेले. आत्या, सौना रस्त्याकडे आहे. कालेर्वोने नकाशा पातळ कागदावर गिरवला, आणि कागद उलटा पडलेला असताना त्यावर आकडे घातले. बाहेरच्या भिंती चालतील, पण मधली भिंत नि सांडपाण्याची भोकं, सगळं आरशात बघितल्यासारखं. म्हणजे सौनातून निघालो की आम्ही नागडे पायरीवर आणि समोर पोस्टमन. आधी हसू आलं, मग शुक्रवार आठवला. शुक्रवारी भरावाची रेती येतेय. एकदा पायात भरली की मधली भिंत फोडून हलवता यायची नाही. आणि रेती परत पाठवली तर पुढची ऑक्टोबरात, तोवर जमीन दगड झालेली.

मी त्याला दाखवलं. तो ब्लॉकवर बसला. सातू त्याच्या बुटात खडे टाकत होती. बूट झटकून म्हणाला, तुझ्या भावाला बोलव. हे मी नाही सुचवलं आत्या, त्यानंच म्हटलं.

फोन दुकानात, आणि दुकानवाली सुट्टीवर गेलीय. पोस्टमन गाडी थांबवून उभा आहे, म्हणतो, उद्या पोचतं करतो, मला पण तुम्हाला तसं बघायचं नाही.

माया आहे तशी असू दे.

तुझी इर्या

ता. क. रौहा असो की आणखी कोणी, जे हे वाचतंय त्याने आत्याला मागाहून वाचून दाखवा. एन्सिओला म्हणावं, छिन्नी-हातोडा घेऊन गुरुवारच्या आत ये. हसायचं तर हस, पण भिंत सरळ आहे, स्वतः दोरी लावून बघ. नंबर आत्याकडे आहे. पत्र खाली ठेवा आणि आधी माझ्या भावाला फोन करा.