तेरवीच्या पत्रिकेतल्या चार ओळी

५ जानेवारी, मेहकर

आज कामावर रुजू झालो. अकोल्याच्या पेपरने आवृत्ती बंद करून आम्हा सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा वाटलं होतं की सव्वीस वर्षं लेखणीवर जेवलो, आता कशावर जेवायचं? पण मेहकरातल्या वामनरावांच्या प्रेसचं कळलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि मुख्य म्हणजे तेरवीच्या पत्रिका. त्यांना लिहिणारा हवा होता, मला काम.

प्रेसच्या वरचीच खोली मिळाली. खिडकीतून बसस्टँडचा रस्ता दिसतो, कचोरीचा वास फुकटात येतो. टेबलावर बायकोचा, निवेदिताचा, फोटो ठेवला. तिला जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल.

वामनरावांच्या पत्रिकेची एक खासियत आहे. मागच्या बाजूला गेलेल्या माणसाची एक आठवण, चार ओळींत. ते म्हणाले, नाव-गाव तं कोनीबी छापते, आपली पत्रिका वाचून मानूस रडला पाह्यजे. आधी हे काम एक निवृत्त गुरुजी करत. ते आता थकले म्हणे.

पूनमला फोन केला. ती नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हटलं, तुझा बाप आता मेलेल्या माणसांवर पोट भरणार. ती आधी रागावली, मग हसली. किती महिन्यांनी हसली पोरगी! मलाही बरं वाटलं.

९ जानेवारी

पहिली पत्रिका. कापसाच्या जिनिंगवर वजनकाटा सांभाळणारे गणेशराव आले होते, त्यांची बायको रेणुका गेली. वही उघडून विचारलं, त्यांची एखादी आठवण सांगा. म्हणाले, चांगली होती. पाच मिनिटांनी म्हणाले, कधी कोनाले वाकडं बोलली नाई. मग नुसतेच हातातली टोपी फिरवत बसले. त्यांचा दोष नाही. ताज्या दुःखात माणसाला काही सुचत नाही. मला तरी कुठे सुचलं होतं?

शेवटी मी माझीच एक आठवण दिली. निवेदिता दुपारच्या उन्हात पेपरच्या ऑफिसात चहा घेऊन यायची. हिरवा थर्मास, त्याचं झाकण हरवलेलं, म्हणून वर स्टीलची वाटी उलटी घालून रुमालाने बांधलेली. मी म्हणायचो, अगं, ऑफिसात चहा मिळतो. ती म्हणायची, तो पिऊनच तुमच्या बातम्या कडू होतात.

पत्रिकेत एवढंच लिहिलं की नवरा कामावर असला की ती उन्हातान्हात त्याच्यासाठी चहा घेऊन जायची. थर्मास नाही, वाटी नाही. वामनराव वाचता वाचता डोळे पुसायला लागले. फोटोला म्हटलं, रागावू नकोस बाई, तुझा एक चहा उसना दिला.

२० जानेवारी

कामाची लाइन लागली आहे. आतापर्यंत अकरा पत्रिका झाल्या. लोणारपर्यंत नाव गेलंय, वामनराव खूश आहेत.

काल गणेशरावांनी तेरवीला आग्रहाने बोलावलं. जेवणं झाल्यावर ते पाहुण्यांत बसून बायकोबद्दल बोलत होते, आणि त्या दिवशीचा मुका माणूस तो हाच का, असं वाटलं. सांगत होते की ती जिनिंगवर चहा आणायची, हिरव्या थर्मासात. झाकण हरवलेलं, तं वाटी उलटी घालून रुमालानं बांधे. अख्खा मांडव रडला. मीही रडलो.

घरी येताना मनात आलं, केवढं प्रेम हे! आमच्या संसारात असं काही घडल्याचं आठवत नाही. निवेदिता तशी अबोलच असावी.

२१ जानेवारी

अकरा पत्रिकांचा हिशेब लावायला वही मागे चाळली. ९ जानेवारीचं पान वाचलं. तीनदा वाचलं. अक्षर माझं आहे. हिरवा थर्मास, वाटी, रुमाल, सगळं मीच लिहिलेलं. आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. कोणा दुसऱ्याच्या घरातलं वाचावं तसं वाटतं.

पूनमला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाबा, असं काय करता, तो थर्मास माझ्याकडेच आहे ना.

वय झालं, दगदग झाली, असं मनाला समजावतो आहे. पण गणेशरावांना थर्मासचा रंग कोणी सांगितला? मी तर लिहिला नव्हता.

२५ जानेवारी

बाकीच्या दहा पत्रिका काढून वाचल्या. कोणी सासूला न सांगता नवऱ्याबरोबर कुल्फी खाल्ली. कोणी रुसून माहेरी निघाली आणि बसस्टँडवरून परत आली. लिहिताना मी कुठून आणलं हे? सगळं छान आहे. त्यातलं एकही माझं वाटत नाही.

गुरुजींचं घर शोधत गेलो. ते ओट्यावर बसले होते, स्वच्छ धोतर, हसरा चेहरा. मला नमस्कार केला. त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, विचारलं की गुरुजींना झालंय तरी काय. त्या म्हणाल्या, डॉक्टरले काई सापडलं नाई. रोज सकायी मले इचारते, बाई, तुमी कोन? मी रोज सांगतो. आयकून घेते बिचारे, अन् मंग मले खुर्ची देते.

परत येताना एकच मनात होतं, गुरुजींनी अशा किती पत्रिका लिहिल्या असतील? भीती वाटते. खरंच वाटते.

२७ जानेवारी

वामनरावांना सांगितलं की यापुढे फक्त नाव, तारीख, वेळ आणि स्थळ. आठवण लिहिणार नाही. ते हसले, मग त्यांनी माझं तोंड बघितलं. म्हणाले, काऊन हो, चांगलं तं चाललं होतं.

उरलंय ते मोजलं. निवेदिताचं फार थोडं. आवाज गेलाय तिचा. फोटोत ती हसते आहे, आणि ते हसू कसं ऐकू यायचं ते मला माहीत नाही.

१९ फेब्रुवारी

तेवीस दिवस काही दिलं नाही. आज दिलं.

दुसरबीडहून धम्मशीला नावाची बाई आली होती. मुलगी गेली, काजल, सात वर्षांची. पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायची होती. तिला रडूही येत नव्हतं. म्हणाली, मास्तर, तिचा चेहरा डोयापुढं येत नाई हो, कालपासून येतच नाई. मी काय करू?

मी समजून-उमजून लिहिलं. पूनम सायकल शिकली त्या दिवसाचं. बाईने वाचलं आणि कागद छातीशी धरून हंबरडा फोडला. मग म्हणाली, हो, दिसली, लाल रिबिनीची दिसली.

रिबीन लाल होती का? असेल. आता ती तिची.

मला पश्चात्ताप नाही. फक्त फार एकटं वाटतं आहे.

३ मार्च

पूनमचा फोन. १४ तारखेला आईचं वर्षश्राद्ध, त्याची पत्रिका तुम्हीच लिहायची, म्हणते. एवढ्या परक्यांचं लिहिलंत, आईचं नाही लिहिणार? नाही म्हटलं. का, ते सांगता आलं नाही. ती फोनवर रडली.

एकच आठवण शिल्लक आहे. ती देणार नाही. खामगावचा दवाखाना, पूनम झाली तो दिवस. निवेदिताने बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, नीट धरा, ही बातमी नाही, चुकली तर उद्या दुरुस्ती छापता येणार नाही. हे वाक्य मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. फक्त हेच. पूनमचं जे काही उरलंय, तेही याच दिवसाला धरून आहे.

वही हरवली तर म्हणून ते वेगळ्या कागदावर लिहून फोटोच्या फ्रेममागे खोचलं. छापलं नाही तोवर ते माझं.

९ मार्च

पूनम आली. स्टँडवर तीच पुढे झाली, नाहीतर — चेहरा ओळखीचा वाटला. थर्मास घेऊन आली आहे. मी हात फिरवून पाहिला. थंड, हिरवा. छान आहे म्हटलं.

तिने वर वाटी उलटी घातली, रुमालाने बांधली आणि थर्मास पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

११ मार्च

सकाळी उठलो तर पूनम खोलीत नाही. खाली गेली असेल. वामनरावांशी तिचं काल काहीतरी शिजत होतं — बाबांना सांगू नका म्हणे — पत्रिका —

टेबलावर फोटो नाही.

पत्रिकेला फोटो लागतो. फ्रेम उघडल्याशिवाय स्कॅन होत नाही — मागचा कागद — तिला सापडला असणार, आनंदाने तोच दिला असणार, बाबांनी लिहून ठेवलंय म्हणून —

मशीन सुरू झालं. खाली. ऐकू येतंय.

जिना उतरतो — नीट धरा, ही बातमी नाही — नीट धरा, ही — नीट

तारीख बघायला हवी

प्रेसमध्ये बसलो आहे. बरं वाटतंय, हलकं. शाई ओली असलेला गठ्ठा समोर आहे. वरची पत्रिका वाचली. कुणी निवेदिता म्हणून बाई, वर्षश्राद्ध. मागे दवाखान्यातली आठवण आहे, बाळ नवऱ्याच्या हातात देतानाची. ज्याने लिहिली त्याचा हात चांगला आहे.

समोर एक मुलगी बसली आहे, फार रडते आहे. हातात हिरवा थर्मास. मी तिला पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. वही उघडून विचारलं, कोण गेलं? आई, म्हणाली. विचारलं, शोकाकुल म्हणून खाली कोणाची नावं घालू, वडील आहेत का? तिने रुमाल सोडला, थर्मासमधला चहा वाटीत ओतला आणि माझ्यापुढे धरला.