दोन बरण्यांची लेबलं

सर, लिहायचं लिहायचं म्हणत आठ वर्षं घालवली. कधी वही नव्हती, कधी गाव बदललं, आणि दोन्ही जागेवर असतानाही मी टपरीवर बसून राहिलो. आजसुद्धा गुढ़ियारीहून सकाळी निघालो आणि कॉलेजला यायचं सोडून पंडरीच्या बाजारात उगाच कापडाचे ठाण बघत फिरलो. घ्यायचं काहीच नव्हतं. दुपारी बूढ़ापाऱ्यात कॉलेजला पोचलो. सुट्ट्या आहेत. प्राणिशास्त्राच्या या खोलीची किल्ली तुमच्या वेळी सांभाळायची तीच मौसी अजून आहे, तिनं ओळखलं आणि कुलूप काढून दिलं. तुमच्याच टेबलाशी बसून लिहून राहिलो.

आम्ही बी.ए.-बी.कॉम.ची पोट्टी, प्राणिशास्त्र एका सेमिस्टरपुरतं गळ्यात पडलेलं. तुम्ही पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक बरणी नेमून दिली. द्रावण उतरलं की भरायचं, लेबल विरलं की पेन्सिलीनं नवं लिहून आत सोडायचं, झाकणाला मेण लावायचं. माझा शेजारी येतच नव्हता म्हणून माझ्याकडे दोन आल्या. एकीत मण्यार, दुसरीत कवड्या. दोघंही साप, काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे. एक माणूस झोपेतच संपवतो, दुसरा बिचारा पाली खातो. तुम्ही म्हणायचे, "रंगावर जाऊ नका रे, रंग उडून जाते. पाठीवरची मधली ओळ पाहा. खवले मोठे, षटकोनी दिसले का हात मागं."

एका शनिवारी मी दोन्ही लेबलं नवी केली. बाहेर दोस्त गाडीचा हॉर्न वाजवून राहिले होते. घाईत याचं त्यात आणि त्याचं यात गेलं. मेण अंगठ्यानं दाबलं आणि पळालो.

सोमवारी तुम्ही बरणी उचलता, मण्यार म्हणता आणि लेबल वाचता. तिथं कवड्या. तुम्ही सापाकडे पाहता, पुन्हा लेबलाकडे. मागच्या बाकावर कोणीतरी हसतं. मला त्याच क्षणी कळलेलं आहे, आणि मी वहीत मान घालून बसलो आहे. तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसता. "मलेच समजून नाही राहिलं आता," एवढंच म्हणता आणि बरणी खाली ठेवता. त्यानंतर तुम्ही कॉलेजात आलाच नाहीत. त्या हिवाळ्यात गेलात. सरांचं डोकं शेवटी काम करत नव्हतं, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली.

मघाशी दोन्ही बरण्या खिडकीशी आणल्या. पट्टे पार गेलेत, दोघंही दुधासारखे पांढरे. डोळेसुद्धा पांढरे. मी या बाजूला बसलो तरी माझ्याकडे बघतात, त्या बाजूला गेलो तरी माझ्याकडे. मग तुम्ही शिकवलं तसं पाठीवरची ओळ पाहिली. मोठे, षटकोनी खवले. खाली लेबल वाचलं: मण्यार. दुसऱ्या बरणीत कवड्या. दोन्ही बरोबर. आणि अक्षर माझं नाही, सर. तो डावीकडे कललेला म तुमचा आहे.

दोन्ही झाकणांवरचं मेण अखंड आहे. माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर तसाच, मधल्या कापल्याच्या खुणेसकट. अंगठा टेकवून पाहिला, नेमका बसला. मौसीला विचारलं, माझ्यानंतर या कोणी उघडल्या का. "कोनो नइ खोले हे, बाबू," ती म्हणाली. कोणीच नाही. "सर घलो लहुट के नइ आइन." तुम्हीही परत आला नव्हता, हे तिनं अगदी सहज सांगितलं. पंखा बंद आहे, तरी द्रावण किंचित हलून राहिलं आहे.

एक कबूल करतो. लेबलं सुधारायला मी आलोच नव्हतो. बरण्या फोडून टाकायच्या, म्हणजे चूक माझी होती हे कोणाला कधी कळणार नाही, एवढ्यासाठी आलो होतो.

थांबा, दारात कोणीतरी आहे. मौसी म्हणते, सरांची मुलगी. मी हिला कधी पाहिलं नव्हतं, कपाळ तुमचंच. मला कॉलेजचा माणूस समजून विचारते आहे, "भैया, पापा का कुछ सामान बचा है यहाँ? आख़िर में तो साँप भी नहीं पहचान पाते थे. ख़ुद ही बोलते थे, और रोते थे."

ती स्टूल ओढून समोर बसली आहे. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, सर. कागद बाजूला ठेवतो.