मॅचच्या आधी

विलो बेंड, सस्कॅचेवान
१५ नोव्हेंबर १९९८

प्रिय ओरेस्ट,

पत्राची सुरुवात 'आम्ही सगळे मजेत' अशी करायची असते म्हणून करतो. आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी, आई आणि एक मांजर, जे आमचं नाही पण जातही नाही.

इतक्या वर्षांनी हा कुठून उगवला, असं तुला वाटेल. पत्ता वर्नाने दिला. तिला बोलू नकोस, मीच तिच्या मागे लागलो होतो. आपली चुलतबहीण तुला माहीतच आहे, एक विचारलं तर चार सांगते. तू तिकडे अल्बर्टात पुन्हा आइस हॉकीच्या गोलात उभा राहायला लागलायस, दर गुरुवारी, हेही तिनेच सांगितलं. ऐकून बरं वाटलं. मग मनात आलं, हा उभा राहतो कशात? याचं सामान तर इथे आहे.

मुद्द्याचं बोलतो, नाहीतर नमनालाच घडाभर तेल जायचं. तुझं सामान मी वापरू का?

हसू नकोस. आमची रविवारची एक टोळी आहे, सगळे चाळिशीपुढचे, गुडघे कुरकुरणारे. आमचा गोलकीपर कंबर धरून घरी बसला. कॅप्टन आहे लाइल, तोच, रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवणारा. तोंड अजून तसंच आहे. दुकानात सगळ्यांसमोर मला म्हणतो, "डॅन, तुझ्या तळघरात एक अख्खा गोलकीपर टांगलेला आहे म्हणे. शीर की त्याच्या आत!" मी म्हटलं, अरे बाबा, मी जन्मभर बचावात खेळलो, गोलच्या पुढे. तर म्हणतो, "मग दोन पावलं मागे सरक. त्यात काय एवढं?"

सामान खरोखरच टांगलेलं आहे. आईने ते तुळईला अडकवून ठेवलंय, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांच्या वर. तू बर्फाच्या रिंकवर सोडून गेलास, ते तिने शेजारच्या मुलांची घसरगाडी मागून घेऊन ओढत घरी आणलं. दर वर्षी पहिला बर्फ पडायच्या आत ती ते खाली काढते, चामड्याच्या पट्ट्यांना तेल चोळते, बकलं पुसते आणि पुन्हा वर अडकवते. कशाला गं, असं एकदा विचारलं होतं. "चामडं आहे. चोळलं नाही तर तडकतं," म्हणाली. 

या वर्षी तिने काढलं नाही. मी काढलं.

पॅड मला बसत नाहीत. त्यांना तुझ्या नडग्यांची सवय, माझे पाय आत गेले की ते आपोआप बाहेर वळतात. तुझ्या हातमोज्यांची जोडी तर माझ्या काहीच कामाची नाही. सगळं जग डाव्या हाताने झेलतं आणि तू उजव्या. बाबा म्हणायचे ना, हे पोरगं आरशातून जन्माला आलंय! मोजे तसेच वर ठेवले. लाइलने कुणाची तरी जुनी जोडी मला आणून दिली, तिला बैलाच्या तोंडासारखा वास येतो. मुखवटा मात्र तुझाच घालीन म्हणतो. बाबांनी धान्यकोठीच्या दाराचा उरलेला लाल रंग फासला होता, तो अजून तसाच भडक आहे.

हो की नाही ते कळव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आईची तब्येत बरी आहे, वयाच्या मानाने.

तुझा धाकटा,
डॅनिलो


विलो बेंड
१० जानेवारी १९९९

प्रिय ओरेस्ट,

तुझं उत्तर आलं नाही. आपल्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार धरतात, तेव्हा मी सामान वापरलं. राग आला असेल तर तेवढं तरी लिहून कळव.

पहिल्या रविवारी काय झालं सांगतो, तुझी करमणूक होईल. पहिलाच पक आला, ती रबरी चकती सुसाट, मी मोठ्या झोकात गुडघ्यांवर बसलो आणि पक अडवलाही. मग उठताच येईना. पॅड भिजून ओल्या पोत्यांसारखे झाले होते. मी गोलचा खांब धरून धडपडतोय, दुसरा पक माझ्या बाजूने आरामात आत गेला, आणि लाइल ओरडतो, "डॅन, मुक्कामच करणार असशील तर उशी आणू का?" दुसऱ्या दिवशी गळ्याच्या हाडावर वांग्याएवढा जांभळा डाग. जिना बसून उतरलो, एकेक पायरी. तू हे हसत हसत कसं करायचास रे?

एक गोष्ट मला इतकी वर्षं कळली नव्हती. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळे रांगेने येऊन गोलकीपरच्या पॅडवर काठी टेकवून जातात ना? मीही कितीदा तुझ्या पॅडवर टेकवली असेल, सवयीने, तुझ्याकडे बघितल्याशिवाय. आता माझ्या पॅडवर टेकवतात तेव्हा मी एकेकाच्या तोंडाकडे बघतो. लाइलसुद्धा त्या वेळी थट्टा करत नाही. सगळे निघून जातात आणि मग तिथे आपण एकटेच.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं.

ऑगस्टमध्ये आईला झटका आला. उजवा हात गेला. चालते, पण भिंतीला धरून. कधी चमच्याला खिडकी म्हणते आणि स्वतःच चिडते. म्हणून तिने सामान काढलं नाही. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवून तू आला नसतास तर, ही भीती होती. न कळवता तू आला नाहीस, हे सोपं होतं.

बाबा गेले, तुझं सामान घरी आलं, त्यानंतर तिने रिंकचा उंबरा ओलांडला नव्हता. नाताळच्या आधी एका रविवारी मी पॅड गाडीत टाकतोय, तर कोट घालून दारात उभी. "मला पण ने." तिची जागा तुला आठवते ना, गोलच्या मागे, काचेला नाक लावून. तिथेच जाऊन बसली, मांडीवर घोंगडी, थर्मासमध्ये बीटचं सूप. खेळ सुरू झाला. आणि एकदम काचेवर धाड धाड! डाव्या हाताने बडवत होती. "ओरेस्ट! खाली बस! अरे मेल्या, खाली बस!"

रिंकवर जुनी माणसं बरीच होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. लाइलने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर लाल मुखवटा होता.

मी वळलो आणि तू करायचास तशी काठी वर केली.

तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय. गाडीत मुखवटा उतरला की मला डॅनिलो म्हणते, रात्री जेवायला काय करणार विचारते. काचेमागे मात्र ओरेस्ट. मी तिला सांगत नाही. सांगू का? तूच सांग.

आणि खरं सांगू? मला राग आला. इतकी वर्षं तुझ्यापुढे उभा राहून पक अंगावर घेतले मी. एक दातही गेला. पण बचाववाल्याचं नाव घेऊन कधी कोणी काच वाजवली नाही. आता वाजते आहे तर तुझ्या नावाने. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालो आणि असलं मनात येतं, लाज वाटते.

उत्तर दे रे.

डॅनिलो


विलो बेंड
९ मार्च १९९९

ओरेस्ट,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. वर्ना इथे आली होती, उद्या ती परत निघते. तिच्या हाती देतो आहे.

बाबा गेले तो दिवस मला एकदा लिहून काढू दे. तुला तो माझ्याहून जास्त माहीत आहे, पण आपण त्यावर कधी बोललोच नाही. बाबा हॉस्पिटलात होते. संध्याकाळी आपली फायनल होती. आणि घरात तो नियम होता: मॅचच्या दिवशी गोलकीपरशी कोणी बोलायचं नाही. तू ताटावर बसलास की मीठसुद्धा न मागता पुढे सरकवायचो आम्ही. दुपारी बाबा गेले. आईने कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही, कारण माझ्या तोंडावरून तुला कळलं असतं. ती येऊन काचेमागे बसली आणि तिने पूर्ण मॅच बघितली. आपण जिंकलो. तू मुखवटा काढून हसत हसत तिच्याकडे गेलास, आणि तेव्हा तिने सांगितलं.

तू तिला काय म्हणालास ते मी ऐकलं होतं. "बाबा मेलेले होते आणि तू मला खेळू दिलंस." अंत्यविधी झाला आणि तू गेलास. मी मधल्या मध्ये उभा राहिलो. तिची बाजू घेतली नाही, तुझीही नाही. थोडे दिवस जाऊ देत, राग उतरेल, असं म्हणत राहिलो. बघता बघता अकरा वर्षं गेली, ओरेस्ट. माझ्या आळसाने गेली ती. एक पत्र लिहायला काय लागतं?

आता गेल्या महिन्यातलं. मॅच संपली, सगळे कपडे बदलायला गेले. आईने मला खुणेने बोलावलं. मी बाकावर तिच्या शेजारी बसलो. मुखवटा काढायला हात वर नेला, तर म्हणाली, "राहू दे." आणि तिने तिचा चालता हात मुखवट्याच्या गालावर ठेवला.

"ओरेस्ट, मी सगळ्यांना सांगितलं की खेळासाठी गप्प बसले. नियम आहे म्हणाले. खोटं आहे ते. त्या कपाचं मला काय होतं? जळो तो कप! ते गेले तेव्हा मी एकटी होते. मग रिंकवर आले, तर तू खांबावर काठी आपटत होतास, रोजच्यासारखा. तुला माहीत नव्हतं. तुझ्या लेखी तुझा बाप जिवंत होता. म्हटलं, अजून थोडा वेळ असू दे. या घरात एकाच्या तरी मनात ते जिवंत असू देत. मी खेळ बघितलाच नाही रे, मी तुझ्याकडे बघत होते. खेळायचं की नाही ते ठरवणं तुझं होतं, ते मी माझ्यासाठी घेतलं. मला घ्यायला नको होतं."

  ते माझं नव्हतंच ऐकायचं. मुखवट्याच्या आत घाम होता, आणखीही काही होतं, तिला दिसलं नसेल अशी आशा.

घरी आलो. मी सूप गरम करत होतो. ती मागून म्हणाली, "डॅनिलो, ओरेस्ट उजव्या हाताने झेलतो."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "तुला माहीत होतं?"

"मला काय म्हातारचळ लागलाय? त्या पोराचा मोजा माझ्या हाताने शिवलाय मी कितीदा तरी. पहिल्याच दिवशी दिसलं, मोजा भलत्या हातात. आणि केवढे गोल खातोस तू! ओरेस्टने इतके कधी खाल्ले होते?"

"मग मला ओरेस्ट का म्हणत होतीस?"

ती टेबलावरचा चमचा फिरवत राहिली. मला वाटलं शब्द सापडत नसेल. "मोठ्याने म्हणून बघायचं होतं. घरात म्हणता येत नाही, तू तोंड पाडतोस. आणि ते सगळं मला कोणाच्या तोंडाकडे बघून सांगता आलं नसतं. मुखवट्याला सांगता आलं. तू त्याला लिहितोस ना? माझा हात आता चालत नाही. तू लिही."

मग म्हणाली, "तुला लागतं का रे फार?" आणि माझ्या गळ्याच्या हाडावर, त्या डागाच्या जागी, बरोबर बोट ठेवलं. म्हणजे मलाही बघत होती ती.

हे मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. आज लिहू, उद्या लिहू करत बसलो, जित्याची खोड. गेल्या मंगळवारी तिला दुसरा झटका आला. हॉस्पिटलात आहे. डॉक्टर म्हणतात, दिवसांवर आलंय. बोलते थोडं, दुपारी जास्त कळतं तिला. शनिवारपर्यंत आलास तर भेटेल असं मला वाटतं. नक्की कोण सांगणार?

तुझी मॅच गुरुवारी असते. वर्ना म्हणाली, "घरी कोणी दार उघडत नाही, रिंकवरच गाठते त्याला. पण मॅच होऊ देते हं, आधी कशाला त्याचं डोकं बिघडवायचं? संपली की देते." बघ, तीही आपल्याच घरातली. मी तिच्यावर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. बिचारी रडली. मी तिला बजावलंय, आधी दे. तो पॅडचे पट्टे बांधत असेल तरी दे. बर्फावर उतरला असेल तर काच बडव, खेळ थांबव, पण आधी दे. लिफाफ्यावरही तेच लिहिलंय मोठ्या अक्षरात.

म्हणून आधी सांगतो, ओरेस्ट. मी हे लिहितोय तेव्हा आई जिवंत आहे. आता खेळायचं की निघायचं, ते तुझं तू ठरव. या वेळी ते तुझ्याकडून कोणी घेतलेलं नाही.

उजव्या हाताचा तुझा मोजा मी काल खाली काढला आणि तेल चोळलं.

तुझ्यापुढे उभा राहणारा,
डॅनिलो